मॉरिशसकर

माणसाला आडनाव नसलं तर काय अडतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने ठाण्यात आठ दिवस राहून बघावं. उत्तमने दीड वर्ष काढलं.

मॉरिशस बेटावरून आगबोटीने ओकाऱ्या काढत तो छप्पन साली मुंबईला उतरला, तो भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन. मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकायचं, पदवी घ्यायची आणि परत जाऊन तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागायचं, असं ठरलं होतं. हे झालं सरकारशी. बापाशी ठरलेलं निराळंच होतं. बाप तुकाराम हा उसाच्या मळ्यावरचा मुकादम, तीस वर्षं उन्हात उभा राहून करपलेला माणूस. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्याने मुलाच्या हातात मेणकापडात गुंडाळलेला एक कागद ठेवला. तुकारामचा आजा धाकू बाविसाव्या वर्षी मजुरीच्या करारावर बोटीत चढला, तेव्हा गोऱ्या साहेबाने लिहून दिलेला तो कागद. नाव धाकू, बापाचं नाव राघो, गाव खडवली, जिल्हा ठाणे. आडनाव कोणी विचारलं नव्हतं म्हणून धाकूनेही सांगितलं नव्हतं, आणि पुढे तिथल्या सरकारदरबारी 'धाकू' हेच सगळ्या घराण्याचं आडनाव होऊन बसलं. पदवी मिळाली तर बरंच आहे, तुकाराम म्हणाला, पण आपली माणसं शोध. आपलं खरं आडनाव काय, आपला देव कुठला, ते मला लिहून पाठव.

उत्तमला हे काम फार सोपं वाटलं होतं. तिकडे शाळेतली पोरं त्याला हिंदुस्थानी म्हणून चिडवायची. म्हणजे हिंदुस्थानात पोचलो की चिडवणं संपलं, असा त्याचा सरळ हिशेब. घरात मराठी बोलत, गणपती बसवत, लग्नात हळद लावत वाढलेला मुलगा तो. आपण परदेशी चाललो आहोत हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

पहिला दणका कॉलेजच्या कचेरीत बसला. कारकुनाने त्याचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, मग आडनाव. उत्तमने धाकू सांगितलं. कारकून म्हणाला, ते नाव झालं, आडनाव सांगा. उत्तम म्हणाला, तेच आडनाव. कारकुनाने लेखणी खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. दोघांनी मिळून त्याला विचारलं की तुम्ही नेमके कोण. या प्रश्नाचा अर्थ समजायला उत्तमला तीन महिने लागले. शेवटी मागे रांग खोळंबली म्हणून कारकुनाने आपल्या अकलेने तो रकाना भरून टाकला आणि त्या दिवसापासून रजिस्टरात तो 'उत्तम तुकाराम मॉरिशसकर' झाला.

वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून एका प्राध्यापकांनी त्याची सोय ठाण्याला नौपाड्यात आपले मावसभाऊ गुरुदत्त कर्णिक यांच्याकडे लावून दिली. कर्णिक शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही मुलगे नोकरीनिमित्त दिल्लीला आणि नागपूरला, त्यामुळे एक खोली रिकामी होती. माणसं चांगली, अगदी नको इतकी चांगली. गुरुदत्तकाका संध्याकाळी ओटीवर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तम दाखवत. हे आमचे मॉरिशसकर. एवढं म्हटलं मात्र, की समोरच्याने पहिलं विचारायचं, मॉरिशसकर म्हणजे मूळचे कुठले? मूळचे खडवलीचे. खडवलीचे कोण? इथे उत्तम गप्प व्हायचा आणि समोरच्याचा चेहरा, दुकानात नाणं दातांनी चावून बघतात ना, तसा व्हायचा. या लोकांना माणूस कुठल्या खुंटीला टांगायचा हे कळल्याशिवाय त्याच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण विचारल्यावाचून कोणी राहत नाही.

त्याच्या मराठीचा तर तमाशाच झाला होता. ऐंशी वर्षांपूर्वी बोटीत चढलेली भाषा ती, तिला नौपाड्याचं पाणी कुठून लागणार? तो 'मी आयलो' म्हणायचा, 'माजा नाव उत्तम' म्हणायचा. मंदाकिनीबाई, म्हणजे कर्णिकांच्या सौभाग्यवती, प्रेमाने दुरुस्त करायच्या. आणि हळदीकुंकवाला बायका जमल्या की त्याला बाहेर बोलावून म्हणायच्या, उत्तम, ते तुझं 'मी आयलो' म्हणून दाखव बरं. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. एकदा त्याने ठरवून शुद्ध मराठीत सांगितलं की मला अभ्यास आहे. तर बायका म्हणाल्या, अगंबाई, किती छान बोलतो हो परदेशी असून. खोलीत जाऊन त्याने उशीवर बुक्की मारली. घरी त्याच्या आईला कोणी असं बोललं असतं तर तिने तव्यावरची भाकरी फेकून मारली असती.

खडवलीला तो पहिल्यांदा गेला तो जानेवारीत. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला गाडी जाते, त्या वाटेवरचं छोटं स्टेशन. त्याने कडक इस्त्रीची पँट घातली होती, डोक्यावर हॅट होती आणि हातात कागद होता. आता त्या साली कूळकायद्याने जिकडेतिकडे जमिनीच्या नोंदींची उलथापालथ चाललेली. अशात एक पँटवाला कागद घेऊन येतो आणि अमक्या तमक्याचे वारस कुठे राहतात म्हणून विचारतो, तर कोणता शहाणा त्याला घर दाखवील? देवळापाशी बसलेल्यांनी त्याला आधी विचारलं की कुठल्या खात्याचे. मग सांगितलं की धाकू राघो नावाचा कोणी या गावात कधी नव्हताच. एक पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस तर विशेष जोर लावून म्हणाला की मी इथे जन्मलो, असं नाव मी ऐकलेलं नाही. उत्तम देवळापाशी नौपाड्याचा पत्ता लिहून ठेवून दिवसभर उपाशी फिरला आणि परतीच्या गाडीत बसून चरफडत राहिला. इतक्या लांबून येऊन आपल्याच गावात त्याला कोणी पाणी विचारलं नव्हतं.

आणि पंधरा दिवसांनी तोच पांढऱ्या मिशांचा माणूस खांद्यावर वालाचं गाठोडं घेऊन कर्णिकांच्या दारात उभा. नाव परशुराम शेलवले. तो म्हणाला, धाकू राघो शेलवले हा माझ्या आजाचा थोरला भाऊ. मिरीच देशात, म्हणजे तुमच्या मॉरिशसला, गेला तो गेलाच. तुकाराम म्हणजे माझा भाऊ लागतो, आणि हा माझा पुतण्या. त्याने उत्तमच्या पाठीवरून हात फिरवला. देव खंडोबा, तोही त्याने न विचारताच सांगितला.

उत्तमने त्याच संध्याकाळी बापाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते. रविवारच्या बैठकीत पत्र दोनदा वाचून दाखवलं होतं. दाराशेजारी 'शेलवले' अशी रंगवलेली पाटी लावली होती. आणि पत्राच्या तळाशी, आयुष्यात पहिल्यांदा, बापाने सही केली होती, 'तुकाराम धाकू शेलवले'. अक्षरं गिरवून गिरवून जाड केलेली. उत्तमने ते पत्र उशाखाली ठेवलं. तुकाराम हा करडा माणूस. सख्ख्या भावाशी वाजलं तेव्हा त्याचं नाव त्याने टाकलं ते वीस वर्षं परत उच्चारलं नाही. जोडलं तरी पक्कं आणि तोडलं तरी पक्कं, मधलं काही त्याला जमत नसे. अशा बापाने नाव बदललं म्हणजे काय, ते उत्तमला कळत होतं.

त्यानंतर दर पंधरवड्याला खडवलीहून माणूस यायचा नाहीतर चिठी यायची, रविवारी या. उत्तम जायचा. परशुरामाची बायको रखमाबाई त्याला तांदळाची भाकरी आणि सुकट घालायची. ती बोलायची कमी. पण पहिल्याच दिवशी तो 'मी आयलो' म्हणाला तेव्हा ती हसली नाही. तिची सासू असंच बोलायची, एवढं म्हणाली. उत्तमला त्या एका वाक्यावर महिनाभर काढता आला.

मेजवान्या पाच-सहा झाल्या तरी परशुरामाच्या मनातलं बाहेर पडेना. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. अखेर मे महिन्यात आंबे खाऊन झाल्यावर त्याने खिशातून सात-बाराचा उतारा काढला. साडेतीन एकर भात जमिनीवर अजूनही धाकू राघोचं नाव होतं. ऐंशी वर्षांत ते कोणी काढलंच नव्हतं. धाकू मेल्याचा दाखला नाही, वारस माहीत नाही, मग काढणार कसं? तलाठ्याने सांगितलं होतं की आता वारस सापडला आहे तर त्याच्याकडून हक्कसोड लिहून घ्या, म्हणजे हे भिजत घोंगडं एकदाचं निकालात निघेल. देवळापाशी ओळख नाकारणारा माणूस पंधरा दिवसांत वाल घेऊन का आला, ते उत्तमला तेव्हा उमगलं. आंब्याची कोय त्याच्या हातात होती. ती कुठे टाकावी हेही त्याला सुचेना.

गुरुदत्तकाकांना त्याने हे सांगितलं मात्र, त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. म्हणाले, मी तुला आधीच सांगणार होतो. वालाचं गाठोडं कोणी फुकट आणत नाही. सही केलीस की गरज सरो नि वैद्य मरो. उलट अर्धा हिस्सा माग.

उत्तमला जमीन नको होती. साडेतीन एकर भात घेऊन तो पोर्ट लुईला काय करणार? त्याला रविवारची ती भाकरी हवी होती. सही झाली की चिठी यायची बंद होईल, एवढंच त्याला दिसत होतं. म्हणून त्याने तेच केलं जे अडलेला माणूस करतो. टाळाटाळ. आधी परीक्षा होती. मग बापाची परवानगी मागवली होती, ती आली तरी आली नाही असं सांगितलं. मग सहीच्या हाताचं बोट चिरलं होतं. परशुराम ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा बोलवायचा. आदरसत्कार वाढत चालला. भाकरीसोबत कोंबडी येऊ लागली, बसायला घोंगडी येऊ लागली. आणि जितकं वाढत चाललं तितकं ते उत्तमच्या घशाखाली उतरेनासं झालं. आपण सही अडवायची भीती दाखवून जेवतोय हे त्याला कळत होतं. कळूनही सोडवत नव्हतं, आणि याच गोष्टीचा त्याला सर्वांत जास्त संताप येत होता.

गणपतीत तो खडवलीला गेला होता तेव्हा परशुराम आरतीच्या गडबडीत होता. रखमाबाईने त्याच्या ताटात मोदक ठेवला आणि आवाज न वाढवता म्हणाली, "तू ह्यांना भ्यालास, हे तुला भ्यालं. मला अशी वाढनी जमत नाय बाबा. काय ते एकदाचा करून टाक."

त्याने मोदक तसाच ताटात ठेवला. पण पितृपक्ष संपायच्या आत त्याने स्वतः चिठी टाकली की कल्याणला या, सही करतो.

कल्याणच्या कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसतात. त्यातल्या एकाने कागद लिहायला घेतला. पुरावा म्हणून उत्तमने मेणकापडातला कागद काढून दिला. अर्जनवीस लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. सदर जमिनीशी माझा व माझ्या वारसांचा आता कोणताही संबंध उरलेला नाही. उत्तमने ते वाक्य परत वाचायला लावलं. अर्जनवीस म्हणाला, ती लिहायची पद्धत आहे साहेब, सगळ्यांच्याच कागदावर असते. मग सहीची वेळ आली. उत्तमने सवयीने 'धाकू' लिहिलं तर त्याने हात धरला. कागदात शेलवले म्हटलंय, सही तीच पाहिजे. नवा कागद लिहावा लागला.

तर असं झालं. जे आडनाव हुडकायला तो समुद्र ओलांडून आला होता, ते त्याने स्वतःच्या हाताने पहिल्यांदा लिहिलं ते हक्क सोडून देण्याच्या कागदावर. उत्तम तुकाराम शेलवले. अक्षर वाकडं आलं.

परशुरामाने त्याला स्टेशनसमोर चहा आणि भजी खायला घातली. धाकूचा कागद नोंदणीला लागेल म्हणून ठेवून घेतला. मग त्याला ठाण्याच्या गाडीत बसवून तो म्हणाला, बरं, जातो मग. रविवारी ये, असं काही नाही. उत्तम वाट पाहत होता, की आता म्हणेल, पण गाडी सुटली.

दसरा गेला. चिठी नाही. कोजागिरी गेली, माणूस नाही. गुरुदत्तकाका रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघत आणि काही म्हणत नसत, आणि हे न म्हणणं बोलण्याहून वाईट होतं. उत्तमने कॉलेजातून येताना दारातल्या पत्रपेटीत हात घालायची सवय लावून घेतली होती. हात रिकामा निघाला की त्याला परशुरामाच्या मिशा दिसायच्या.

कर्णिकांनी मात्र दिवाळीचं आमंत्रण रीतसर दिलं. त्यांच्याच घरात राहणाऱ्या मुलाला मंदाकिनीबाईंनी खोलीच्या दाराशी येऊन सांगितलं, उत्तम, दिवाळीला तू आमचा पाहुणा हं. नरकचतुर्दशीला पहाटे त्याला उठवलं, तेल-उटणं दिलं, कढत पाणी दिलं. आंघोळीआधी गुरुदत्तकाकांनी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे नरकासुर समजून चिरडायचं ते कडू फळ, फोडलं. उत्तमच्या घरी ही चाल विसरलेली. त्याने विचारलं, मी पण फोडू का? मंदाकिनीबाई गोंधळल्या. म्हणाल्या, अरे, ते घरातल्या पुरुषांनी फोडायचं असतं, मी एकच आणलंय. तू आपला फराळाला बस. चांदीच्या ताटलीत फराळ आला. चकली खुसखुशीत होती. उत्तमने ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

भाऊबीज उलटली तरी खडवलीहून चिटोरंसुद्धा आलं नाही. तेव्हा त्याने बापाला पत्र लिहिलं. चार ओळींचं. ती माणसं आपली नव्हेत. सहीसाठी गोड बोलली, सही झाली, आता ओळख देत नाहीत. बैठकीत कोणाला काही सांगू नका. आणि यापुढे नावाखाली शेलवले लिहू नका. विमानटपालाचं तिकीट लावून त्याने ते ठाण्याच्या पोस्टात स्वतः टाकलं. टाकल्यावर त्याला बरं वाटलं. राग बाहेर पडला की दोन दिवस बरं वाटतंच.

मग त्याला कागद आठवला. धाकूचा मेणकापडातला कागद अजून परशुरामाकडे होता. जमीन घेतली ती घेतली, तो कागद का म्हणून ठेवावा? पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तो सकाळच्या गाडीने निघाला. आडनाव तुमचं तुम्हाला लखलाभ, माझा पणजोबा मला परत द्या, असं काहीतरी सणसणीत बोलायचं त्याने शहाडपासून खडवलीपर्यंत घोकलं होतं. आणि कोणाचं ऋण नको म्हणून ठाण्याच्या बाजारातून पेढ्यांचा पुडा बांधून घेतला होता. परक्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं नौपाड्यात शिकला होता.

रखमाबाई अंगणात भात वाळत घालत होती. परशुराम पडवीत दोर वळत बसला होता. तिने उत्तमकडे पाहिलं, ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. हातातलं सूप खाली ठेवलं.

"दिवाळी सरल्यावर आलास?"

उत्तमने पुडा पुढे केला आणि म्हणाला की माझा कागद द्या, मला परत जायचंय. तिने पुड्याकडे असं पाहिलं, जणू त्यात विंचू आहे.

"ह्यो काय? पाव्हना हायस काय तू, खाऊ आनायला?"

घोकलेलं सगळं उत्तम विसरला. त्याच्या तोंडून त्याची घरची भाषा बाहेर पडली. "कोनी बोलावला नाय मला. दसऱ्याला नाय, दिवालीला नाय. सही व्हती तवर चिठी येयाची. सही झाली, चिठी बंद."

रखमाबाई खरोखरच बुचकळ्यात पडली. तिला यात तक्रार कुठे आहे तेच कळेना. मग ती हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं बोलली. "चिठी पाव्हन्याला धाडतात. तवा तू पाव्हना व्हतास, तुज्याकडं काम व्हता. काम सरला, आता तुला कोन बोलावनार? हे सांजचे रानातून घरी येतात, त्यांना काय मी आवतान धाडते?"

पडवीतून परशुराम मान वर न करता म्हणाला, की मला वाटलं पोरगा रागावला. सही घेतली म्हणून. माझीच हिंमत झाली नाही बोलावायची. हिला म्हटलं, आता कशाला येतोय तो. दोर वळायचं त्याने थांबवलं नाही. हे त्याचं खरं होतं की सारवासारव, ते सांगता येणार नाही. थोडं हे, थोडं ते असेल.

रखमाबाई आत गेली आणि भिंतीतल्या देवळीतून काहीतरी घेऊन आली. तिच्या तळहातावर एक कारीट होतं, सुकून सुरकुतलेलं. घरात बापे तीन, ती म्हणाली, परशुराम आणि दोन मुलगे, पण कारिटं चार आणली होती. चवथं तुळशीपुढे भाऊबीजेपर्यंत ठेवलं. रोज सकाळच्या गाडीच्या वेळेला पाणी तापवत होते. मग म्हटलं, वाळू दे. आणि ते बोलून झाल्यावर तिला राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला असावा. शिकलेला माणूस, घराची वाट ठाऊक, गाडी ठाऊक, पाय मोडले होते काय, असं बरंच काही ती बोलली. उत्तमला जन्मात कोणाचे बोल इतके गोड लागले नव्हते, आणि त्याच वेळी पोस्टात टाकलेल्या त्या चार ओळी आठवत होत्या.

परशुरामाने कागद आणून दिला. उत्तमने तो खिशात घातला, उघडून पाहिला नाही.

"बस खाली," रखमाबाई म्हणाली. तेलाची वाटी ती आधीच घेऊन आली होती. दिवाळी गेली तर गेली, तेल लावल्याशिवाय तुला सोडत नाही. तिने त्याला तुळशीसमोर पाटावर बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं रगडायला सुरुवात केली. हात भांडी घासून राकट झालेले. रगडता रगडता तिने विचारलं, बापाला कळवलंस काय, घरी दिवाळी केली म्हणून? नसेल कळवलं तर आता लिही. केलीच म्हणायची, दोन आठवडे इकडे की तिकडे.

"लिवला हाय," उत्तम म्हणाला.

"काय लिवला?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "लिवला की तुमी आपली नाय. आनि शेलवले लिवायचा बंद करा."

तिचे हात थांबले. पडवीतला दोरही थांबला. शेवटी रखमाबाई म्हणाली, मग दुसरं लिही, त्यात काय. पहिलं चुकलं म्हणून सांग.

उत्तम काय सांगणार होता तिला? पत्र टाकून दोन आठवडे होत आले होते. पत्र आठ-दहा दिवसांत पोचतं. बापाने ते वाचलं असेल, दोनदा नाही, एकदाच. दुसरं पत्र तो लिहिणारच होता, आजच लिहिणार होता, तारसुद्धा करणार होता. पण वीस वर्षं सख्ख्या भावाचं नाव न घेणारा माणूस मुलाच्या दुसऱ्या पत्राला किती विचारणार, ते त्याला ठाऊक होतं. दारावरची पाटी उतरली असेल. बैठकीत पेढे खाल्लेल्या लोकांना बाप काही सांगणार नाही आणि कोणाला विचारूही देणार नाही. शेलवले हे आडनाव त्याच्या घरातल्या माणसाच्या नावापुढे आता एकाच ठिकाणी लिहिलेलं उरणार होतं, कल्याणच्या कचेरीत, माझा काही संबंध नाही म्हणून दिलेल्या कागदावर.

"मान खाली कर," रखमाबाई म्हणाली, आणि तिने पुन्हा तेल घेतलं.